मालक जिन्याने येतात

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक, आणि गेले काही दिवस हे पाचव्या मजल्यावर जिन्याने येत होते. खांद्याला हत्यारांची पिशवी, उजवा गुडघा दुखरा, दारात पोचेपर्यंत धाप लागलेली. विचारलं की म्हणायचे, "व्यायाम." व्यायाम! बारा वर्षं संसार केलाय मी ह्या माणसाबरोबर. पाण्याचा ग्लास भरायला उठायचा ह्यांना कंटाळा, आणि म्हणे व्यायाम.

मी आधी हृदयापर्यंत जाऊन पोचले. म्हटलं डॉक्टरने काहीतरी सांगितलंय आणि हे लपवतायत. शिवणाच्या मशीनवर बसले की सुईकडे लक्ष लागेना. मी घरी पडदे शिवते, ऑर्डरचे. दोन पडदे उलट्या बाजूने शिवले गेले, ते उसवत बसले, आणि उसवता उसवता ह्यांच्या नावाने रडूनही घेतलं. ह्यांना विचारलं, "छातीत दुखतं का?" तर म्हणाले, "तुझं डोकं दुखतं का?" झालं.

मग तो सोमवार आला. गिऱ्हाइकाला पडद्यांचा गठ्ठा द्यायचा होता. मी आणि आमची चिमणी, आठ वर्षांची आहे ती, लिफ्टने खाली उतरलो. दार उघडलं तर समोर हे उभे. कामावरून लवकर आले होते. आम्हाला लिफ्टमध्ये बघितलं आणि ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पुढे झाले, चिमणीचा दंड धरून तिला अशी बाहेर ओढली की पोरगी किंचाळली. मला म्हणाले, "बाहेर ये! आधी बाहेर ये!" ह्या माणसाने आजवर मांजरावरही आवाज चढवला नव्हता.

"अहो, काय झालं काय?"

"जिन्याने जायचं. दोघींनी. कळलं?"

"हा गठ्ठा घेऊन?"

"मी उचलतो." आणि खरोखरच गठ्ठा उचलून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत आले. मला तिथेच कळलं. हृदयाची गोष्ट नव्हती ही. हे लिफ्टला घाबरत होते. जो माणूस दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, तो स्वतःच्या कंपनीच्या लिफ्टला घाबरत होता.

आता हे शेअरचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गेल्या वर्षी ह्यांची कंपनी शेअर बाजारात उतरली. तोवर ती एका शेटची होती. मग तिचे लाखो तुकडे केले म्हणे, आणि ते लोकांना विकले. त्यातले थोडे तुकडे कामगारांना दिले, बक्षीस म्हणून. अट एकच, वर्षभर विकायचे नाहीत. मोठा समारंभ झाला. साहेब माइकवर म्हणाले, "आजपासून तुम्ही नोकर नाही, मालक आहात." हे घरी आले ते छाती पुढे काढून. मी म्हटलं, "या मालक, कचऱ्याचा डबा खाली नेता का?" तेव्हापासून घरात हे मालक. मालक, दूध आणा. मालक, नळ गळतोय. हेही हसायचे. पण रोज संध्याकाळी फोनवर भाव बघायचे, आणि भाव चढला की चिमणीला खांद्यावर घ्यायचे. ह्यांचा जोडीदार लंबू, तो तर भाव बघूनच घराचा वरचा मजला बांधायला बसला होता.

त्या सोमवारी चिमणीला शेजारी खेळायला पाठवलं आणि दार लावलं. म्हटलं, "आता सांगा. नाहीतर मी लिफ्टमध्ये जाऊन बसते, दिवसभर वरखाली करते." ही धमकी भलतीच लागू पडली. हे मटकन खुर्चीत बसले.

गोष्ट अशी होती. लिफ्ट मजल्यावर थांबते तेव्हा तिला जागच्या जागी धरून ठेवतो तो ब्रेक. त्या ब्रेकमध्ये एक पिन असते, आपल्या करंगळीएवढी. कंपनीने पिना नव्या कारखान्याकडून घ्यायला सुरुवात केली, स्वस्तातल्या. ह्यांना तपासणीत एका पिनेला तडा दिसला. मग दुसऱ्या इमारतीत दुसरा. मग तिसरा, तो हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये. आमच्या इमारतीत तीच पिन.

"म्हणजे दोर तुटून लिफ्ट खाली पडेल?" मी विचारलं.

"दोराचं काही होत नाही गं. पिन तुटली तर लिफ्ट थांबलेली असताना सुटते. दार उघडं असताना. माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर असताना." आत्ताच खाली माझ्या पोरीचा एक पाय आत आणि एक बाहेर होता, ते मला डोळ्यांपुढे लख्ख दिसलं.

"मग साहेबांना सांगितलं नाहीत?"

"त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, नव्या पिना मागवल्यात, आल्या की गुपचूप बदलू. आत्ता बभ्रा झाला तर भाव आपटेल. म्हणाले, नुकसान माझं एकट्याचं नाही, तूही मालक आहेस. लंबूपण माझ्यावरच उखडला. म्हणाला, माझ्या घराच्या भिंती अर्ध्यावर आल्यात, तू तोंड उघडलंस तर बघ."

बघा म्हणजे. नोकर होते तेव्हा ह्याच माणसांनी जुन्या साहेबाला भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं, हेल्मेट नीट नाहीत म्हणून काम बंद पाडलं होतं. मालक झाले आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

मी गप्प बसलेली बघून ह्यांना वाटलं मी पैशाला घाबरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नको काळजी करूस. वर्षाची अट संपली तशी मी आपले सगळे शेअर विकून टाकले. चांगला भाव आला. आपल्याला काही तोशीस लागणार नाही."

आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. एवढंच नव्हे, मी ह्यांना चहा करून दिला. म्हटलं, चला, खराब माल दुकानात परत केला, सुटलो. पिना यायच्याच आहेत. तोवर जिन्याने जाऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहाव्या मजल्यावर कॅशियरकाकांकडे गेले. बँकेत कॅशियर होते, निवृत्त झालेत, एकटे राहतात. पायात जोर नाही, वॉकर घेऊन चालतात. शेअरमधलं मला जे थोडंफार कळतं ते काकांमुळे. मागे मी विचारलं होतं, "काका, हे मालक म्हणजे नक्की कशाचे मालक हो?" तर म्हणाले होते, "उद्या गेटवर जाऊन म्हणू दे त्याला, मी मालक आहे, मला एक नट काढून दे. वॉचमन हाकलून देईल. कंपनी कंपनीची असते गं. आपल्याकडे असतो वाटा. नफा झाला आणि त्यांनी वाटला तर त्यातलं चिमूटभर आपलं, सभेत हात वर करायचा हक्क आपला. कंपनी बुडाली तर आपण घातले तेवढे बुडतात, घरातली भांडी कोणी उचलून नेत नाही."

त्या दुपारी काकांचा पडदा शिवून झाला होता, तो लावायला गेले होते. स्टुलावर उभी राहून, काहीच नसल्यासारखं विचारलं, "काका, शेअर विकले की कंपनी ते परत ठेवून घेते ना?"

काका हसले. "अगं, ते काय कापड आहे दुकानात परत द्यायला? कंपनीला पत्ताही नसतो. आपण विकतो तेव्हा कोणीतरी विकत घेतो. तुझ्यामाझ्यासारखंच कोणीतरी. प्रत्येक विकणाऱ्यासमोर एक घेणारा असतोच, नाहीतर विकणार कोणाला?"

माझ्या हातातली कडी खाली पडली.

"आणि समजा विकणाऱ्याला आतलं काही ठाऊक असलं तर? म्हणजे कंपनीत काहीतरी बिघडलंय असं?"

"मग तो गुन्हा. साधासुधा नाही, तुरुंगाची हवा खायला लावणारा. कारण समोरचा बिचारा काही ठाऊक नसताना घेतो." मग काका जरा खुशीत आले. "तुला म्हणून सांगतो, मीही मालक झालोय तुमच्या कंपनीचा. परवाच घेतले. पेन्शनमधले साठवलेले होते ते घातले. म्हटलं, ज्या कंपनीचा मेकॅनिक स्वतः शेअर धरून बसलाय तिला काय धाड भरलीय? तुमच्याकडे बघूनच घेतले बघ."

मी स्टुलावरून कशी उतरले मला आठवत नाही. आमचेच शेअर काकांकडे गेले असं नाही, एवढं मलाही कळतं. पण गेले ते कोणत्यातरी काकांकडेच गेले. आम्ही खराब माल परत केला नव्हता. आम्ही तो दुसऱ्याच्या पदरात बांधला होता, आणि वर गप्प बसलो होतो.

काका उठले. "चल, मी जरा खाली बाकावर बसतो," म्हणाले आणि वॉकर खडखडवत बाहेर पडले. मी मागे धावले. काकांनी बटण दाबलेलं. लिफ्ट आली, दार उघडलं. काका एका वेळी एक पाय टाकतात. आधी वॉकर आत, मग एक पाय, मग दम, मग दुसरा. म्हणजे कितीतरी वेळ अर्धे आत, अर्धे बाहेर.

"काका, नको!"

"काय नको?"

काय सांगणार? खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला. तुम्हाला कधी कळलं, आणि मग तुमचे शेअर कुठे आहेत? ह्यांच्या हातात बेड्या दिसायला लागल्या मला. मी सरळ मागून काकांचा सदरा धरला आणि त्यांना मागे ओढून जमिनीवर बसले. "चक्कर येतेय काका. मला धरा." ज्या माणसाला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही त्याला म्हणते मला धरा! काका घाबरले, वॉकर घेऊन वळले, "पाणी आणतो" म्हणत घरात गेले. दार बंद झालं. लिफ्ट खाली निघून गेली.

आणि खालून आवाज आले. शाळा सुटली होती. पोरं लिफ्टपाशी ढकलाढकली करत होती, आणि त्यात माझ्या चिमणीचा आवाज. तिला जिन्याने यायला सांगितलं होतं. पण आठ वर्षांचं पोर, मैत्रिणी लिफ्टने आल्या की तीही येणारच.

मी जिन्याकडे धावले. एक मजला उतरायचा, पाचव्यावर तिच्यापुढे पोचायचं, एवढंच डोक्यात. चप्पल निघाली, तशीच उतरले. लिफ्ट वर येत होती, भिंतीपलीकडून पोरांचं हसणं वर सरकत होतं. मी दारापुढे पोचले आणि लिफ्ट थांबली. दार उघडलं. "पटकन! उडी मार!" मी ओरडले. चिमणीने आईचा अवतार बघितला आणि नेमकी उंबऱ्यावरच थबकली. एक पाय आत, एक बाहेर. मी तिला छातीशी ओढून घेतली. मग दुसरीला, मग तिसरीला. सगळी बाहेर आली. दार बंद झालं. काहीच झालं नाही.

पोरं खो खो हसत सुटली. चिमणी म्हणाली, "आई, तू वेडी झालीस का?"

घरात जाऊन कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक लिफ्टच्या दारावर लिहिलं, "बंद." प्रत्येक दारापुढे पडद्याचा दांडा आडवा बांधला. वॉचमन मागे मागे, "कोणी सांगितलं? कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मालकांनी." त्याला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून तो बाजूला झाला.

हे संध्याकाळी आले. प्रत्येक मजल्यावर खडू वाचत वर आले असणार. दारात उभे राहून म्हणाले, "हे काय केलंस? साहेबांना कळलं तर नोकरी जाईल."

"नोकरीचं काय घेऊन बसलात? ते शेअर विकलेत ना, तो गुन्हा आहे. तुरुंग आहे त्याला." आणि काकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ह्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. ह्यांना वाटत होतं, स्वतःची वस्तू स्वतः विकली, त्यात कोणाच्या बापाचं काय गेलं.

मग म्हणाले, "म्हणजे मी गप्प राहिलो तर कोणी विचारणार नाही. आणि बोललो की आधी मीच पकडला जाणार."

"हो."

"त्या हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचर असतं गं लिफ्टच्या दारात. कायम." एवढं बोलून उठले, गच्चीवर गेले आणि लिफ्टचा मेन स्विच पाडून आले. खाली आले तेव्हा चिमणी झोपायला निघाली होती. तिच्याजवळ जाऊन बसले, पण तिला खांद्यावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लिफ्ट तपासणीच्या सरकारी ऑफिसात निघालो. वाटेत माझाच धीर सुटला. मी, जी आयुष्यात कोणाच्या बापाला घाबरले नाही, ती ह्यांची बाही धरून म्हणाले, "अहो, सांगा ना, काल कळलं म्हणून. कालच तडा दिसला म्हणा. विकले तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणा. कोण बघायला येतंय?"

हे थांबले. रागावले नाहीत. "काल म्हटलं तर साहेब सुटले. आणि मी सांगितल्यानंतरही ज्या लिफ्टमध्ये ह्याच पिना बसवल्यात, त्या कोण शोधणार? ते म्हणतील, आम्हाला काय ठाऊक होतं." मग हळूच म्हणाले, "मलाही भीती वाटतेय गं. पाय उचलत नाहीयेत. तू बोलत राहा काहीतरी." मी काय बोलणार? मग मी लंबूला शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या, ऑफिसच्या पायऱ्या येईपर्यंत देत राहिले.

तपासणी अधिकारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. टेबलावर डबा उघडा होता, तो त्यांनी बाजूला सारला. ह्यांनी सगळं सांगितलं. पिन कशी असते, तडा कुठे दिसला, तिन्ही इमारती, पुढे ज्या ज्या लिफ्टमध्ये ह्या पिना बसल्या त्या सगळ्या. पहिला तडा कोणत्या तारखेला दिसला आणि साहेबांना कधी सांगितलं, तेही. एकही तारीख चुकवली नाही. बाई भराभरा लिहून घेत होत्या.

लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत म्हणे सगळ्या कामगारांकडे शेअर आहेत. हे बाहेर आलं की भाव कोसळणार. तुमचंही नुकसान होणार. तरी आलात." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पुढचं काही त्या विचारतही नव्हत्या.

ह्यांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, हलवा मान, हलवा.

"माझं नुकसान नाही होणार बाई," हे म्हणाले. "मी विकले."

बाईंचं पेन थांबलं. "कधी?"

ह्यांनी तीही तारीख सांगितली.

बाईंनी ती लिहिली, वरची तारीख पुन्हा वाचली, मग ह्यांच्याकडे बघितलं. कौतुक गेलं होतं. "इथून हलू नका," म्हणाल्या. त्यांनी फोन ओढला आणि आधी हॉस्पिटलची लिफ्ट ताबडतोब बंद करायला सांगितलं. ह्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. मी ह्यांचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला, कारण दुसरा फोन त्या कोणाला लावणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.